रिकामी ठेवायची धरणं : ओहायोतल्या मायामी खोऱ्याचं प्रकरण

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहराच्या भोवतालच्या शेतशिवारात, मातीची पाच धरणं आहेत. १९२२मध्ये त्यांचं काम संपलं तेव्हा प्रत्येक धरणावर ग्रॅनाइटची पाटी बसवली गेली. तिच्यावर कोरलेल्या मजकुराचा आशय असा : ही धरणं पूर रोखण्यासाठी आहेत, वीज निर्माण करायला किंवा पाणी साठवायला ती वापरली, तर खालच्या शहरांच्या जिवावर बेतेल.

आपल्याकडे धरण भरलं की मंत्री जलपूजनाला येतात, साडीचोळी आणि खणानारळाने ओटी भरली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात 'धरण शंभर टक्के' असा मथळा येतो. तिथे धरण भरलेलं राहणं हाच अपराध मानला आहे. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या पाटीमुळेच. ती ज्यांनी कोरली त्यांना पक्कं माहीत होतं की माती कितीही चांगली दाबली, तरी या धरणांना खरा धोका पुढच्या पिढ्यांच्या मोहाचा आहे. रिकामी जागा दिसली की माणसाला ती भरावीशी वाटते.

ईस्टरचा रविवार

हे मायामी म्हणजे फ्लोरिडातलं समुद्रकाठचं शहर नव्हे. ग्रेट मायामी ही ओहायो नदीला मिळणारी नदी आहे. स्टिलवॉटर, मॅड आणि वुल्फ क्रीक हे तिन्ही प्रवाह डेटन शहराच्या हद्दीत किंवा अगदी जवळ तिला येऊन मिळतात. संगमावर गाव वसवण्याची हौस जगभर सारखीच. आपल्या सांगलीकरांना, कराडकरांना हे वेगळं सांगायला नको.

२३ मार्च १९१३ला ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी सुरू झालेला पाऊस तीन दिवस थांबला नाही. खोऱ्यात ८ ते ११ इंच पडला. महाबळेश्वरात किंवा गगनबावड्यात राहणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथली जमीन हिवाळ्याच्या ओलीने आधीच तट्ट भिजलेली होती, झाडांना अजून पालवी नव्हती, शेतं उघडी पडली होती. पडलेलं बहुतेक सगळं पाणी जसंच्या तसं ओढ्याला लागलं. डेटनच्या वरचं पाणलोट क्षेत्र सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटर. त्या सगळ्याचं पाणी एकाच वेळी संगमावर आलं तेव्हा शहरातून जाणारा विसर्ग सुमारे अडीच लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला अडीच लाख घनफूट, झाला होता. मंगळवारी सकाळी नदीकाठचे बांध फुटले. व्यापारी पेठेत काही ठिकाणी २० फूट पाणी चढलं. मग गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या, आणि सगळीकडे पाणी असूनही त्या विझवता आल्या नाहीत. खोऱ्यात ३६० हून अधिक माणसं गेली आणि नुकसान त्या काळच्या १० कोटी डॉलरांच्या वर गेलं.

कॅश रजिस्टर बनवणाऱ्या तिथल्या मोठ्या कारखान्याचे मालक जॉन पॅटरसन यांनी कारखान्यातल्या सुतारांना सगळं सोडून होड्या बनवायला बसवलं. सुमारे ३०० होड्या निघाल्या. पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांच्या आत शहराने पूर-निवारणासाठी २० लाख डॉलरांची वर्गणी उभी केली. त्या मोहिमेची हाक होती, 'माळ्यावर बसून दिलेला शब्द आठवा.' दोन-तीन दिवस घराच्या माळ्यावर अडकलेल्या माणसांनी देवाला आणि एकमेकांना जे काही कबूल केलं असेल, त्याची ही आठवण. वर्गणी लगेच गोळा करण्यात शहाणपण होतं. वर्षभराने मागितली असती तर एवढी जमली असती असं मला वाटत नाही.

नदी रुंद करायची की अडवायची?

काम आर्थर मॉर्गन या अभियंत्याकडे आलं. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. पुढे १९३३मध्ये ते टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्याच प्राधिकरणाच्या धर्तीवर १९४८मध्ये आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या १९४८-४९च्या विद्यापीठ शिक्षण आयोगावर मॉर्गन सदस्य होते, आणि ग्रामीण विद्यापीठांची कल्पना त्या अहवालात आली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

लोकांची मागणी सरळ होती : नदी खोल करा, रुंद करा, बांध उंच करा. मॉर्गन यांनी मोजमापं घेतली आणि हिशेब मांडला. १९१३चा पूर नुसत्या पात्रातून सुखरूप न्यायचा, तर शहराचा मोठा भाग पाडून नदीला द्यावा लागला असता. शिवाय जेवढं पाणी डेटनमधून झटपट पुढे सोडायचं, तेवढंच ते खालच्या मिडलटाउन आणि हॅमिल्टनवर जाऊन कोसळणार.

मग प्रश्न आला की 'मोठा' पूर म्हणजे नक्की किती मोठा? ओहायोतल्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या. मॉर्गन यांच्या माणसांनी पूर्व अमेरिकेतल्या मोठ्या वादळांच्या पावसाच्या नोंदी धुंडाळल्या आणि युरोपातल्या नद्यांच्या शेकडो वर्षांच्या पूरखुणा पाहिल्या. त्यांतून निष्कर्ष निघाला की १९१३चा पूर शेकडो वर्षांतून एखादाच येणारा आहे, पण त्याहून मोठा येणारच नाही असं म्हणता येत नाही. शेवटी रचना ठरली ती १९१३च्या पुराच्या वर आणखी ४० टक्के धरून. आज आपण पूररेषा आखताना 'आतापर्यंतची सर्वोच्च पातळी' धरतो आणि पुढच्याच पावसात ती मोडते. तेव्हा हे ४० टक्के मला फार मोलाचे वाटतात. तो आकडा कुठल्या सूत्राने दिलेला नव्हता. ज्याला आपल्या अज्ञानाची कल्पना आहे अशा माणसाने राखलेली ती जागा होती.

उपाय ठरला तो कोरड्या, म्हणजे एरवी रिकाम्या राहणाऱ्या, धरणांचा. ही कल्पना मॉर्गन यांची नव्हती; फ्रान्समध्ये लुआर नदीवर पिने इथे १७११मध्ये याच हेतूने नदीचा गळा आवळणारा बांध घातला होता. पण एका अख्ख्या खोऱ्यासाठी पाच धरणांचा एकत्र संच बसवणं नवं होतं. ट्विन क्रीकवर जर्मनटाउन, स्टिलवॉटरवर एंगलवूड, लोरामी क्रीकवर लॉकिंग्टन, ग्रेट मायामीवर टेलर्सव्हिल आणि मॅड नदीवर हफमन.

दार नसलेली मोरी

यांतलं सर्वांत मोठं एंगलवूड : उंची सुमारे ११० फूट, लांबी ४,७१६ फूट, माती सुमारे २७ लाख घनमीटर. पायथ्याशी काँक्रीटच्या दोन मोऱ्या. मोरीला दार नाही. झडप नाही, चाक नाही, फिरवायला माणूस नाही.

नेहमीच्या दिवशी नदी या मोरीतून अशी निघून जाते की धरण असून नसल्यासारखं. पूर आला की मोरीत मावेल तेवढं पाणी जातं आणि उरलेलं मागे तुंबतं. मागची पातळी वाढते तसा मोरीतला विसर्गही वाढतो, पण फार हळू : पाण्याची खोली चौपट झाली तर विसर्ग दुपटीच्या आसपास. सगळी किमया या सावकाशीत आहे. पुराचं पाणी कमी होत नाही, एक थेंबही कमी होत नाही. त्याचा माथा छाटून तो पुढच्या दिवसांवर पसरवला जातो. मोऱ्यांचं तोंड इतक्याच मापाचं ठेवलं की खालच्या शहरांच्या पात्रातून जेवढं सुखरूप वाहील तेवढंच बाहेर पडावं. पाऊस थांबला की काही दिवसांत, फारच मोठा पूर असेल तर काही आठवड्यांत, जलाशय आपोआप रिकामा होतो आणि पुढच्या वादळासाठी सगळी जागा मोकळी.

दार का नाही, याचं उत्तर मध्यरात्रीच्या नियंत्रण कक्षात बसलेला कोणताही शाखा अभियंता देईल. दार असलं की ते कधी उघडायचं हा निर्णय आला. निर्णय आला की वरून फोन आले, खालून फोन आले, अंदाज चुकला, वीज गेली, गेट अडकलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी समिती. दार काढून टाकल्यावर यातलं काही उरत नाही. बदल्यात एक गोष्ट कायमची सोडावी लागते : वरच्या पुराचा अंदाज चांगला असला, तरी त्याचा फायदा घेऊन मोरी आधीच जास्त उघडता येत नाही.

पाचही जलाशयांची मिळून क्षमता सुमारे ३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची एकत्रित क्षमता साधारण २९ टीएमसी. म्हणजे पुण्याच्या चारही धरणांपेक्षा जास्त जागा तिथे वर्षातले बहुतेक दिवस रिकामी असते, आणि तिच्यात शेती चालते.

मायामी काउंटी विरुद्ध डेटन शहर

खरी लढाई या शेतीवरूनच झाली, आणि प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वरच्या गावांचं म्हणणं साधं होतं. पूर आला शहराला. शहर संगमावर वसवलं ते शहरवाल्यांनी. मग त्यांचं पाणी आमच्या रानात का? आणि उद्या हे मातीचे ढिगारे फुटले तर पहिला बळी कोणाचा? मातीच्या धरणांवरचा अविश्वास निराधार नव्हता. पेन्सिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या वरचं मातीचं धरण १८८९मध्ये फुटून २,२०० वर माणसं मेली होती. ती आठवण तेव्हा अवघी पंचवीस वर्षांची होती.

ओहायोच्या कायदेमंडळाने फेब्रुवारी १९१४मध्ये कॉन्झर्व्हन्सी कायदा केला. त्यामुळे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, हद्दी ओलांडून अख्ख्या खोऱ्यासाठी एक संस्था स्थापता येऊ लागली. तिला कर्ज काढण्याचा, जमीन घेण्याचा आणि आकारणी बसवण्याचा अधिकार मिळाला. तिच्यावर देखरेख मंत्र्यांची नव्हे, न्यायाधीशांची : प्रत्येक संबंधित काउंटीचा एक न्यायाधीश मिळून होणारं खास न्यायालय. वरच्या भागातले लोक कोर्टात गेले. १९१५मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात कायदा वैध ठरवला, त्याचं नावच 'मायामी काउंटी विरुद्ध डेटन शहर'. त्याच वर्षी मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट ही संस्था स्थापन झाली. १९१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही कायदा उचलून धरला.

गावं हरली. पण ज्या तत्त्वावर ती हरली ते समजून घेण्यासारखं आहे. ज्याला लाभ त्याने पैसे द्यायचे, ज्याचं नुकसान त्याला पैसे मिळायचे, आणि दोन्हींचा हिशेब मालमत्तागणिक मांडायचा. १९१३ला तुमच्या दुकानात किती खोल पाणी होतं, यावर तुमचा लाभ ठरला आणि त्यानुसार आकारणी. उंचावरच्या घराला आकारणी नाही. केंद्र सरकारचा पैसा नाही, राज्याचं अनुदान नाही. तीन कोटी डॉलरांहून अधिक खर्च खोऱ्यातल्या लाभार्थ्यांनी रोखे काढून उचलला.

बुडीत क्षेत्रातली जमीन संस्थेने एकतर खरेदी केली किंवा तिच्यावर पूर साठवण्याचा हक्क विकत घेतला. खरेदी केलेली बरीच जमीन पुढे तो हक्क राखून पुन्हा शेतकऱ्यांना विकली. आपल्या भाषेत, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कायमचा बोजा : इथे पाणी येऊ शकतं, ठरावीक पातळीखाली नवं घर बांधता येणार नाही, पीक तुमचं. एकरकमी पैसे आधी मिळाले, पाणी नंतर आलं. आपल्याकडे बहुतेकदा पाणी आधी येतं, मग पंचनामा, मग याद्या, मग याद्यांतल्या चुका.

पाण्यानेच रचलेली माती

१९१८ ते १९२२ या काळात पाचही धरणांची कामं बरोबरीने चालली. महायुद्धामुळे मजूर मिळेनात, त्यात इन्फ्लुएन्झाची साथ. मॉर्गन यांनी प्रत्येक धरणाजवळ कामगारांसाठी राहण्याजोगी वस्ती बांधली, त्यांत मुलांच्या शाळा काढल्या, मोठ्यांना रात्रीचे वर्ग सुरू केले. त्या काळच्या ठेकेदारी छावण्यांशी तुलना केली तर हे विलक्षणच होतं.

भराव टाकण्याची पद्धत आज वापरत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. माती-मुरूम पाण्याच्या जोरदार झोताने धुवून काढायचा, गाळाच्या पंपाने नळातून धरणावर चढवायचा आणि दोन्ही कडांकडून मध्ये सोडायचा. जाड वाळू आणि गोटे कडेला बसतात, बारीक चिकणमाती मधल्या डबक्यापर्यंत वाहत जाऊन निवळते. धरणाचा पाणी झिरपू न देणारा गाभा अशा रीतीने पाणी स्वतःच रचतं. स्वस्त, जलद, आणि धोक्याचं : गाभा घट्ट व्हायच्या आत भराव उंच नेला तर सगळं धरण दह्यासारखं घसरतं. मार्च १९१८मध्ये, म्हणजे ओहायोत काम तोंडावर असताना, कॅलिफोर्नियातलं याच पद्धतीचं कॅलाव्हेरास धरण बांधता बांधताच घसरलं. पुढे १९३८मध्ये मॉन्टाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणाचं तसंच झालं आणि आठ कामगार दगावले. मायामीची पाचही धरणं टिकली, यात नशिबापेक्षा गाभा मुरण्याची वाट पाहण्याचा वाटा मोठा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे मातीच्या पोटातून जाणारी काँक्रीटची मोरी. पुणेकरांना ती वेगळी समजावून द्यायची गरज नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीचं, काम अपुरं होतं आणि त्याच्यावरचा भराव खचत गेला होता. पाणी मात्र अडवलेलं होतं. मायामीत मोऱ्या आधी पूर्ण केल्या, नदी त्यांतून वळवली आणि मगच घळ भरली. मोरीतून सुसाट सुटणारं पाणी धरणाचा पायथा खरवडू नये म्हणून पाण्याच्या उसळीचे खास प्रयोग केले गेले आणि पाण्याचा जोर मोडणारी पायऱ्यापायऱ्यांची शमनकुंडं बांधली. धरणांच्या अभियांत्रिकीत त्या प्रयोगांचं नाव अजून निघतं.

ऑसबॉर्न

हफमन धरणाच्या मागच्या बुडीत क्षेत्रात ऑसबॉर्न नावाचं गाव येत होतं. संस्थेने ते विकत घेतलं. गावकऱ्यांनी मग आपलीच एक कंपनी काढली, घरं परत विकत घेतली आणि पायापासून सुटी करून, रुळांवर चढवून, तीन-चार किलोमीटरवरच्या फेअरफील्ड गावाच्या शेजारी नेऊन ठेवली. सुमारे ४०० घरं अशी चालत गेली. १९५०मध्ये दोन्ही गावं एक झाली आणि नावंही जोडली गेली : फेअरबॉर्न. लाकडी घरं होती म्हणून हे जमलं, हे खरं. आपल्याकडचा दगडमातीचा वाडा असा उचलता येत नाही.

याच सुमारास मुळशी पेट्यात सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता. तिथलं धरण विजेसाठी होतं, मुंबईच्या गिरण्यांसाठी. दोन्हीकडे वरचं गाव आणि खालचं शहर. ऑसबॉर्नच्या लोकांना गाव सोडताना दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही. पण तिथे गाव गावासकट गेलं, शेजारी शेजारीच राहिले. कोयनेच्या विस्थापितांच्या तिसऱ्या पिढीला अजून मोर्चे काढावे लागतात, तेव्हा हा फरक जास्त टोचतो.

शंभर वर्षं

या धरणांनी आजवर दोन हजारांहून अधिक वेळा पाणी अडवलं आहे. सर्वांत मोठा साठा जानेवारी १९५९मध्ये झाला. त्या पुराने ओहायोत इतरत्र हाहाकार उडवला, डेटन कोरडं राहिलं. एंगलवूडच्या माथ्यावरून महामार्ग जातो. हफमनच्या मागच्या माळावर, जिथे १९०४-०५मध्ये राइट बंधू विमान उडवायला शिकले, तिथे मोकळं मैदानच असल्याने पाणी आलं तरी फारसं बिघडत नाही.

म्हातारपणाच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. पायाखालची झिरप वाढते, काँक्रीट झिजतं. १९९९नंतर संस्थेने मोठं दुरुस्तीचं काम हाती घेतलं, झिरपीचा दाब उतरवण्यासाठी विहिरी घेतल्या.

मग हे महाराष्ट्रात का नको? २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर सोपं नाही. ओहायोचे पूर मुख्यतः जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात, मका पेरण्याच्या आधी. शेत बुडालं तरी पीक नसतं, वर गाळाचा थर मिळतो. आपला पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, ऊस आणि सोयाबीन उभं असताना. दुसरं, तिथे पाऊस वर्षभर विभागून पडतो; धरण रिकामं ठेवल्याने कोणाचा घसा कोरडा पडत नाही. आपल्याला चार महिन्यांत वर्षाचं पाणी धरायचं असतं. १०५ टीएमसीच्या कोयनेने रिकामं राहावं असं म्हणणाऱ्याने उन्हाळ्यातल्या कृष्णाकाठाचा विचार केलेला नसतो. म्हणून कोयनेच्या कुशीत पुरासाठी राखीव जागा ठेवायची म्हटली की सिंचन, वीज आणि पूर यांची ओढाताण होणारच. एकाच भांड्याकडून भरून राहण्याची आणि रिकामं राहण्याची अपेक्षा आपण करतो, आणि पूर आला की भांडं सांभाळणाऱ्या अभियंत्याला धारेवर धरतो.

तरी छोट्या प्रमाणावर जागा आहेत. मोठ्या धरणांच्या खाली नदीला मिळणारे जे मोकळे ओढे-नाले आहेत, त्यांचं पाणी कोणाच्याच गेटच्या हातात नसतं आणि शहरात पूर चढवण्यात त्यांचा वाटा असतो. तिथे बिनदाराच्या मोरीचा मातीचा बांध, मागच्या जमिनीवर आधीच मोबदला देऊन घेतलेला पुराचा हक्क, आणि उभं पीक बुडालं तर त्या हंगामाची भरपाई मूळ करारातच लिहिलेली, असं काही करून पाहता येईल. तांत्रिक अडचण फार नाही. खालच्या शहराकडून दरवर्षी पैसे घेऊन ते वरच्या गावाला देणारी यंत्रणा मात्र आपल्याकडे नाही, आणि ती उभी करायला अभियंत्यांपेक्षा कायदा करणारे लागतील.

डेटनमध्येही ती यंत्रणा सुखासुखी चालत नाही. देखभालीची आकारणी आजही मालमत्ता कराच्या बिलात येते. २०२४मध्ये नवं मूल्यांकन झालं, अनेकांची रक्कम एकदम वाढणार असं दिसलं, आणि शहरा-गावांच्या सभांमध्ये लोक संतापून उभे राहिले. वाढ तेव्हा थांबवावी लागली. ज्यांनी माळ्यावर बसून शब्द दिला होता त्यांच्यातलं आता कोणी हयात नाही, आणि धरणांच्या दुरुस्तीची कामं तर रांगेत उभी आहेत.